नाव चुकता कामा नये
कोळी म्हटला की आपणांस जाळे आठवते. ग्रीनलंडच्या थंड माळावरचा ‘पार्डोसा ग्लेशियालिस’ जाळे विणीत नाही. धावून भक्ष्य धरतो. या कुलाला लांडगा-कोळी म्हणतात. मादी अंड्यांची पिशवी मागे बांधून हिंडते, पुढे पिले पाठीवर वाहते. पण हे साऱ्या कुलाचेच लक्षण! जात ठरवायची तर नराच्या तोंडाजवळचे आखूड अवयव व मादीचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. थोरेल या स्वीडिश पंडिताने १८७२ साली हे नाव दिले. आम्ही हजेरीपटावर हयात घालविली. नाव चुकले की मजुरी भलत्याच्या पदरात पडते. इथेही जात चुकली तर गणती फुकट. ग्रीनलंडातील झाकेनबर्ग येथे १९९६ पासून जमविलेल्या कोळ्यांवरून २०२० साली दाखविले गेले, की बर्फ लवकर वितळले तर काही माद्या त्याच उन्हाळ्यात दुसऱ्यांदा अंडी घालतात.