पाठीच्या कण्याची इजा आणि पुन्हा हाताला काम

शेळ्यांसाठी पाला काढताना झाडावरून पडणे, विहिरीत कोसळणे, बांधावरून ट्रॅक्टर उलटणे, पाठीवरील पोत्यासह घसरणे, हे अपघात शेतीव्यवसायाला नवे नाहीत. अशा अपघातात पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूस इजा झाली, तर धडधाकट माणूस क्षणात अंथरुणाला खिळतो. घरातील कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री अशी पडली की जमीन वाट्याने दिली जाते, जनावरे विकली जातात आणि पुष्कळदा मुलांची शाळाही सुटते. परंतु पाय गेले म्हणजे काम गेले, ही समजूत खरी नाही. माणूस पूर्वीच्या कामाला जुळत नसेल, तर काम त्या माणसाला जुळवून घेता येते. ते कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इजेचे स्वरूप

मेंदूकडून हातापायांना हुकूम पोचविणारा आणि त्यांच्याकडून संवेदना परत नेणारा मज्जातंतूंचा दोर म्हणजे मज्जारज्जू होय. मोडलेले हाड सांधते. परंतु तुटलेला रज्जू पूर्ववत जोडण्याचा उपाय अद्याप हाती आलेला नाही. इजा मानेत झाली तर हात व पाय दोन्ही अधू होतात. ती पाठीत किंवा कमरेत झाली तर पाय जातात, पण हात शाबूत राहतात. रज्जू अंशतः दुखावला असेल तर काही शक्ती परत येऊ शकते.

म्हणून अपघातस्थळीच सावधगिरी हवी. जखमीस बसवू नये, हातपाय धरून उचलू नये व खांद्यावर टाकून नेऊ नये. मान, पाठ व कंबर एका रेषेत ठेवून तीनचार जणांनी त्यास एकदम फळीवर किंवा काढलेल्या दारावर घ्यावे. झोळ पडलेली बाज वापरू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चुकीच्या उचलण्याने अर्धवट इजा पूर्ण होण्याचा धोका असतो.

जवळचीच उदाहरणे

दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशा रुग्णांपैकी बहुतेक जण शय्याव्रण व मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी दगावत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी नियमित कूस बदलणे, मूत्राशयाची निगा, व्यायाम आणि कारखानी काम यांचा एकत्र क्रम सुरू केला. काम हा त्यांच्या उपचाराचाच भाग होता.

रांजणगावहून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या पुणे परिसरातही ही परंपरा आहे. जखमी सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १९१७ साली स्थापन झाली व पुढे खडकीस आली. मज्जारज्जूस इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून खडकीतच स्वतंत्र पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना सैन्यात असताना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. त्यांतील एक पाठीच्या कण्यात गेली व कमरेखालचा भाग अधू झाला. त्यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत जलतरणाचे सुवर्णपदक मिळविले आणि पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरीही केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. प्रत्येकाने पदक मिळवावे असे नाही. परंतु इजेनंतर शिक्षण व संधी मिळाली तर माणूस कमावता राहतो, एवढे यावरून निश्चित दिसते.

कामापूर्वीची तयारी

शरीराची निगा हा कामाचा पाया होय. खालील चार गोष्टी घरच्या मंडळींनी रुग्णालयातूनच शिकून याव्यात.

१. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलावी. चाकाच्या खुर्चीत बसल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर भार देऊन बैठक उचलावी किंवा पुढे वाकून भार हलवावा. संवेदना नसल्यामुळे कातडी सोलली तरी कळत नाही. म्हणून रोज आरशात पाहावे.

२. डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक वेळी, सामान्यतः दर चार ते सहा तासांनी, स्वच्छ नळीने लघवी काढावी. कामाच्या जागी यासाठी आडोसा व पाणी असावे.

३. इजेखालील भागास पुरेसा घाम येत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात काम सकाळ-संध्याकाळ व सावलीत करावे. तापलेले इंजिन, चूल व गरम पत्रा यांपासून पाय दूर ठेवावेत.

४. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असून एकाएकी डोके ठणकू लागले व तोंडावर घाम फुटला, तर रुग्णास ताबडतोब बसते करावे, मूत्राशय तुंबले आहे काय ते पाहावे व तत्काळ दवाखान्यात न्यावे. रक्तदाब धोक्याइतका वाढल्याची ती खूण असू शकते.

शेतातील काम कसे जुळवावे

उदाहरणादाखल, शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एक कांदा-उत्पादक घ्या. त्याचे पाय गेले आहेत, हात मजबूत आहेत आणि पंधरा वर्षांचा अनुभव डोक्यात आहे. त्यास नांगर धरता येणार नाही, बारे देता येणार नाही. परंतु नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते; बी कोणते घ्यावे, फवारणी केव्हा करावी, कांदा चाळीत ठेवावा की विकावा, हे निर्णय त्याचेच आहेत. प्रथम हा अधिकार त्याच्याकडे ठेवावा. सहानुभूतीच्या भरात तो काढून घेणे ही दुसरी इजा ठरते.

त्यानंतर बसून होणारी कामे निवडावीत. सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीच्या, खालून मोकळ्या टेबलावर ट्रेमध्ये रोपे तयार करता येतात. त्याच उंचीवर कांद्याची प्रतवारी होते. ठिबकच्या झडपा जमिनीपासून उचलून हाताच्या टप्प्यात बसवाव्यात व पंपास मोबाइलवर चालणारा स्टार्टर लावावा. गव्हाणीपर्यंत पक्की वाट असल्यास शेळ्यांचा चारा-पाणी पाहता येतो. दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणे, सोसायटीचे हिशेब लिहिणे, पिठाची गिरणी किंवा खते-बियाण्यांचे दुकान चालविणे हीही कामे योग्य होत.

घराचा उंबरा काढावा. दरवाजा ९० सेंटिमीटर रुंद ठेवावा. उतार १ ला १२ या प्रमाणात असावा; म्हणजे ३० सेंटिमीटर उंच ओट्यासाठी ३.६ मीटर लांबीचा उतार लागेल. वाटेवर मुरूम टाकून तो चांगला दाबावा. आरंभी काम एकदोन तासच द्यावे व बैठक सोसेल तसे वाढवावे.

कारखान्यातील कामगार

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे परिसरातील अनेक घरांत एक हात शेतीत व एक कारखान्यात असतो. अशा कामगारास साठा-नोंद, सुटे भाग तपासणे, संगणकावरील काम किंवा बसून करावयाची जुळणी देता येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय आस्थापनेत सेवेत असताना अपंगत्व आल्यास त्या कारणाने नोकरीवरून काढता किंवा पदावनत करता येत नाही. खाजगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करणे आवश्यक आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

शेतकऱ्यास अपघातात दोन डोळे किंवा दोन अवयव गमवावे लागल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख रुपयांची तरतूद आहे. अर्ज विलंब न लावता तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा. दिव्यांग प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून द्यावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखावयाच्या ५ टक्के निधीतून उतार, शौचालय किंवा साधन यांची मागणी ग्रामसभेत मांडावी.

परंतु कागदपत्रांइतकीच भेटही महत्त्वाची आहे. रुग्णालयातून घरी आल्यावर पहिल्या काही महिन्यांत मन खचलेले असते. घराची घडीही याच काळात बसते. जमीन विकण्याचा किंवा कायमची वाट्याने देण्याचा निर्णय याच दिवसांत घेतला जातो. कार्यकर्त्याने तेव्हाच त्या घरी जावे. “आता काय होत नाही?” असे विचारू नये, “कोणते काम येते आणि ते बसून कसे करता येईल?” असे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर घरच्या मंडळींसह शोधणे हेच त्या कुटुंबास खरे साह्य होय.