दोन सह्यांचा कागद

रात्री कुठे चाकू चालला किंवा दुकानाचं शटर उचकटलं गेलं, की पोलीस येतात आणि जमलेल्या गर्दीकडे बघत विचारतात, “पंच म्हणून कोण थांबतंय?” या प्रश्नाने गर्दी जितकी झपाट्याने पांगते तितकी लाठी उगारूनही पांगत नसेल. कुणाला पहाटेची एसटी पकडायची असते, कुणाच्या घरी आजारपण असतं, आणि इतका वेळ पहिल्या रांगेत उभा असलेला एखादा तर या गल्लीत राहतच नसतो. शेवटी पानटपरीवाला आणि समोरच्या इमारतीतला कुणी भिडस्त माणूस असे दोघे हाती लागतात. पुढच्या खटल्याचा बराचसा भार या दोघांच्या सह्यांवर असतो.

अवकाळीनंतर तलाठी करतात तो पंचनामा शेतकऱ्याला पाठ असतो. पोलिसांचा पंचनामा त्याचाच फौजदारी भाऊबंद. गंमत अशी, की ज्याच्यावाचून महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्याचं पान हलत नाही त्या पंचनाम्याची व्याख्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत नाही. झडतीच्या वेळी त्याच वस्तीतले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत, असं कायदा म्हणतो. जुन्या संहितेत हे कलम 100 होतं, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 103 आहे. संशयास्पद मृत्यूतल्या मृतदेहाची पाहणीही अशाच लोकांदेखत करायची असते. बाकी घटनास्थळाचा पंचनामा वगैरे गोष्टी रिवाजाने रुळल्या आणि कोर्टांनी त्या मानल्या.

पंच लागतात, कारण कायद्याचा पोलिसाच्या शब्दावर पुरता भरवसा नाही. हा अविश्वास इंग्रजांच्या काळापासूनचा. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 25 सांगत होतं, की आरोपीने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. 1 जुलै 2024 ला भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि तीच तरतूद कलम 23 मध्ये आली. सिनेमात कोठडीतल्या कबुलीवर प्रकरण मिटतं, पण कोर्टात अशी कबुली सरकार पक्षाच्या कामाची नसते. तपासात साक्षीदारांचे जबाब नोंदवतात त्यांवरही सही घ्यायची नसते. साक्षीदार कोर्टात उलटला तर त्याला खोडून काढण्यापुरता त्यांचा उपयोग. त्यामुळे तपास अधिकाऱ्याला बाहेरचे डोळे लागतात.

घटनास्थळाचा पंचनामा होताना पाहण्यासारखा असतो. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून हवालदार लिहीत असतात. वर गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं, मग पंचांची नावं, वय, धंदा, राहणार कुठले. नंतर जागेची चतुःसीमा: पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस पत्र्याचं शेड, दक्षिणेस गटार. रक्त सांडलं असेल तिथली माती एका डबीत घेतात, आणि थोड्या अंतरावरची साधी माती दुसऱ्या डबीत. नवख्या पंचाला ही दुसरी डबी कशाला ते कळत नाही. प्रयोगशाळेत तुलना करायला ती लागते. प्रत्येक वस्तू कागदात गुंडाळायची, दोरा बांधायचा, वर लाखेचं सील करायचं आणि पंचांच्या सह्यांचं लेबल लावायचं. मग ती मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात जाते आणि तिथून पत्रासह न्यायसहायक प्रयोगशाळेत. या प्रवासात सील शाबूत होतं का, मधले दिवस माल कुठे पडून होता, यावर बचावाचे वकील उलटतपासात तासभर घालवू शकतात आणि त्यात वावगं काही नाही. पंचनाम्यात सील केल्याचा उल्लेख राहून गेला, तर रक्ताचा अहवाल कितीही खणखणीत असो, त्याचं वजन घटतं.

सगळ्यांत नाजूक प्रकार निवेदन पंचनाम्याचा, म्हणजे मेमोरँडमचा. आरोपी म्हणतो, “हत्यार लपवलंय, दाखवतो.” पोलिसापुढची कबुली चालत नाही, मात्र तिच्यातून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा चालतो. ही रेघ प्रिव्ही कौन्सिलने 1946 साली पुलुकुरी कोट्टया खटल्यात स्पष्ट आखली. भाला कुठे लपवला हे आरोपीने सांगितलं ते ग्राह्य. त्याच भाल्याने भोसकलं असं तो म्हणाला ते अग्राह्य. आजही आपल्या कोर्टांत मेमोरँडमचं वाक्य याच रेघेवर कापलं जातं.

हे कसं करायचं तेही ठरलेलं आहे. आधी पंचांना ठाण्यात बोलवायचं, त्यांच्यासमोर आरोपीने आपल्या तोंडाने सांगायचं, त्याचा पहिला भाग लिहून सह्या घ्यायच्या, मग सगळ्यांनी आरोपी नेईल तिकडे जायचं आणि वस्तू सापडल्यावर दुसरा भाग लिहायचा. 2022 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा क्रम पुन्हा समजावून सांगितला. तिथे पंचांना ठाण्यात बोलावलंच नव्हतं. पुराव्यातल्या इतर त्रुटींसह हीही बाब मोजली गेली आणि फाशीची शिक्षा झालेला आरोपी सुटला.

पंचनामा होतो एका दिवसात, दोषारोपपत्रही गुन्ह्याप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत जावं लागतं, कारण मुदत टळली तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पंचाची वेळ मात्र फार उशिरा येते. काही वर्षं उलटलेली असतात, टपरी दुसरीकडे गेलेली असते, आणि एक दिवस शिपाई समन्स घेऊन दारात उभा राहतो. तारखेला जावं तर पुढची तारीख मिळते. एका दिवसाची मजुरी बुडते. कधी आरोपीची माणसं कोर्टाच्या आवारातच चहा पीत उभी असतात. अशा माणसाने पिंजऱ्यात येऊन “पोलिसांनी नुसती सही घेतली, मला काही ठाऊक नाही” असं म्हटलं, की तो फितूर जाहीर होतो. त्याच्या फितुरीला आपण फार पटकन नावं ठेवतो. त्याला तिथवर आणणाऱ्या व्यवस्थेने त्याची वाटेतली भीती आणि बुडालेली मजुरी कधी मोजली, हे आधी विचारायला हवं.

फितुरीवर पोलिसांनी काढलेली पळवाट म्हणजे नेहमीचे पंच. ठाण्याशेजारचा चहावाला दर दुसऱ्या पंचनाम्यावर सही करतो आणि वकिलाने “याआधी किती खटल्यांत पंच होता?” असं विचारलं की घाम पुसतो. लाचलुचपतीच्या सापळ्यात सरकारी कर्मचारी पंच घेण्याची पद्धत जुनी आहे. दुसरीकडे, पंच फुटला म्हणून जप्ती आपोआप खोटी ठरत नाही. तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिच्यावर विसंबता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये दिल्लीच्या एका खटल्यात सांगितलं. न्यायाला हा आधार लागतोही, पण त्याची सवय लागली तर पंच कशाला, असंच उद्या कुणी म्हणेल.

आता मोबाइलचा कॅमेरा आला आहे. नव्या संहितेचं कलम 105 झडती आणि जप्तीचं चित्रीकरण, पंचांच्या सह्यांसकट, बंधनकारक करतं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायला सांगतं. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी यावं, अशीही तरतूद आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. माझ्या मते 2024 च्या बदलांत सर्वांत कामाचं काही असेल तर हेच. कोऱ्या कागदावर सही घेऊन नंतर मजकूर भरणं आता पूर्वीइतकं सोपं राहणार नाही. तरी रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी काय झालं ते कॅमेरा सांगत नाही आणि उलटतपासात त्याला प्रश्नही विचारता येत नाहीत. त्यासाठी माणूसच लागतो.

तेव्हा कधी पोलिसांनी पंच म्हणून बोलावलं तर जा. झडतीसाठी लेखी आदेश दिल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हा आहे, हे तर आहेच. पण गेल्यावर घाई करू नका. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिलं आहे का ते वाचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, वस्तू तुमच्यासमोर सील होऊ द्या, लेबलवर स्वतः सही करा. कोऱ्या कागदावर सही मागितली तर स्पष्ट नाही म्हणा. आणि समन्स आलं की कोर्टात जाऊन जे पाहिलं ते सांगा.