खाचरातील औषध आणि धरणातील पाणी

वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील आंबी व मोसे या नद्यांचे पाणी पानशेत आणि वरसगाव धरणांत साठून खडकवासल्याच्या वाटेने पुण्याच्या नळांत उतरते, आणि भोरचे पाणी संस्थानी अमदानीत उभ्या राहिलेल्या भाटघर धरणातून नीरेच्या कालव्यांनी बारामती-इंदापूरच्या शिवारांत जाते; म्हणूनच या दोन तालुक्यांच्या भातखाचरांत मारलेल्या औषधाचा जो अंश पिकावर न ठरता मातीत मुरतो, त्याचा विचार एकट्या शेतकऱ्याच्या जमाखर्चापुरता मर्यादित राहू शकत नाही.

भाताचे पान मेणचट असल्याने झिजलेल्या नोझलमधून पडलेला मोठा थेंब त्यावरून घरंगळून खाचरात पडतो, तर अतिसूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर भलत्याच बांधावर जातात. तपकिरी तुडतुडा तर चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या किंचित वर, रस शोषीत बसलेला असतो. शेंड्यांवर कितीही फवारा मारला तरी त्याला फारसा उपसर्ग होत नाही, मात्र त्याला खाणारे कोळी नाहक मरतात. लावणीच्या वेळीच मधूनमधून मोकळे पट्टे राखले आणि चूड बाजूला सारून नोझल बुंध्याकडे वळविले, तर तेच औषध कमी प्रमाणात वापरूनही कार्यसिद्धी करते.

त्याहून श्रेयस्कर उपाय फवारणीच्या आधीचे आहेत. खोडकिडा रोपांच्या शेंड्यांवर अंडी घालतो, म्हणून लावणीपूर्वी शेंडे खुडून नष्ट करावेत. कापणीनंतर धसकटांत दडलेल्या अळ्यांचा नांगरटीने बंदोबस्त करावा. कामगंध सापळे लावून किडीचा अंदाज घ्यावा, आणि सुमारे ५ टक्के फुटवे कीडग्रस्त दिसेपर्यंत पंप खांद्यावर घेऊ नये. फवारणी अटळच ठरली, तर ती वारा शांत असताना, पावसाची उघडीप पाहून करावी आणि त्यानंतर खाचराचे पाणी लगेच ओढ्यात सोडू नये.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील १९७१ च्या नियमांनी रिकाम्या डब्यांची आणि पंप धुतलेल्या पाण्याची, जलस्रोत दूषित होणार नाहीत अशी विल्हेवाट लावण्याची जबाबदारी घालून दिली आहे. तरीही ओढ्याकाठी पंप विसळण्याची सवय सुटलेली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

शेतकरी बंधूंनी हंगामापूर्वी पंपात साधे पाणी भरून एका गुंठ्याला ते किती लागते याचे मोजमाप करावे, झिजलेले नोझल बदलावे आणि त्या मापानेच औषध कालवावे. आणि हे पाणी पिणाऱ्या नगरवासीयांनी या कामाचा खर्च व शिक्षण आपलेही कर्तव्य मानावे.