कोळशाच्या शेजारचा कोसा

चंद्रपूर जिल्ह्यातलं माजरी म्हटलं की आठवतात त्या कोळशाच्या खाणी आणि आदिलाबादकडे फाटा फुटणारं रेल्वे जंक्शन. पण चंद्रपूर-गडचिरोलीची खरी भेटवस्तू म्हणजे कोसा, अर्थात टसर रेशीम. सावली, नागभीड, आरमोरी ही त्याची गावं.

टसरची अळी घरात तुतीवर नव्हे, उघड्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढते. पाखरं, मुंग्या, अवकाळी पाऊस यांपासून तिला जपायचं, तर राखणदाराला झाडांपाशीच मुक्काम करावा लागतो. यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले ढिवर समाजातल्या कुटुंबांतले लोक मला या कापडाचे पहिले कारागीर वाटतात. अळी कोष विणते आणि देठाने फांदीला लटकवते. तो उकळून मऊ केला की धागा निघतो. मांडीवर तो वळण्याची जुनी रीत बायकांची. मधासारखा सोनेरी रंग धाग्याचा अंगचाच.

विदर्भाच्या करवतकाठी साडीत याच कोशाला करवतीच्या दातांचे काठ मिळतात. काठ आणि अंग यांचे धोटे वेगळे, म्हणून वेळ लागतो. किंमत विचारताना हे ध्यानात असावं.

बांबूच्या वस्तू हव्या असतील तर चिचपल्लीच्या बांबू केंद्राकडे वळा.