विश्लेषण : ‘ही मॅच संपली की ठेवतो...’ मुलांच्या ऑनलाइन गेमला पालकांचे कुलूप कितपत लागते?

जेवणाची ताटे वाढली आहेत, हाका मारून आईचा घसा बसला आहे आणि आतल्या खोलीतून एकच उत्तर येते आहे, ‘‘ही मॅच संपली की आलोच!’’ फोन हिसकावून घ्यावा तर आरडाओरडा, न घ्यावा तर रात्रीचे अकरा वाजतात. मग सोसायटीच्या किंवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी तरी सुचवते, ‘पॅरेंटल कंट्रोल लावा’. ते लावलेही जाते. आठवडाभर शांतता असते आणि पुढच्या रविवारी लक्षात येते, की चिरंजीवांना पासवर्ड पाठ झाला आहे. ही सोय नेमके काय करते, कुठे तोकडी पडते आणि ती लावताना कोणत्या चुका होतात, हे समजून घेतले तर निम्मी भांडणे तरी टळू शकतात.

कुलूप एक नाही, तीन...

पॅरेंटल कंट्रोल हे एखादे बटण नव्हे. पहिले कुलूप फोनच्या यंत्रणेत असते, म्हणजे अँड्रॉइडवर गुगलचे ‘फॅमिली लिंक’ आणि आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’. दुसरे ॲप स्टोअरमध्ये असते. कोणत्या वयाचा गेम डाउनलोड होऊ द्यायचा आणि खरेदीला कोणाची परवानगी लागेल, हे तिथे ठरते. तिसरे गेमच्या किंवा कन्सोलच्या आत असते. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेंडो यांच्या पालकांसाठी वेगळ्या सोयी आहेत, रोब्लॉक्समध्ये पालकाचे खाते मुलाच्या खात्याला जोडून रोजची वेळ ठरवता येते. बहुतेक पालक यातले एकच कुलूप लावतात आणि बाकीची दोन दारे उघडी राहतात.

या तिन्हींचा पाया एकच आहे, तो म्हणजे मुलाची खरी जन्मतारीख. इथेच आपल्याकडे घोळ होतो. ‘खाते लगेच सुरू व्हावे’ म्हणून अनेक आईवडिलांनी स्वतःच मुलाचे वय अठराच्या वर टाकलेले असते. फोनच्या दृष्टीने तो मुलगा मग प्रौढ ठरतो. वयाची वर्गवारी, पालकांची परवानगी, गेममधली लहानांसाठीची वेळमर्यादा यातले काहीच त्याला लागू होत नाही. म्हणून सुरुवात करायची ती गुगल खात्यातली जन्मतारीख तपासण्यापासून.

अँड्रॉइडवर काय करता येते?

फॅमिली लिंक २०१७ मध्ये आले. ते मोफत आहे. तेरा वर्षांखालील मुलासाठी पालक स्वतःच्या खात्यातून मुलाचे गुगल खाते उघडतात आणि ते मुलाच्या फोनवर सुरू करतात. मुलगा तेरा वर्षांपेक्षा मोठा असेल तर त्याच्या संमतीने देखरेख जोडता येते. त्यानंतर पालकांच्या फोनवरून तीन वेगवेगळ्या मर्यादा घालता येतात. एक, संपूर्ण फोनसाठी दिवसाची वेळ. दोन, रात्री ठरावीक तासांत फोन बंद. तीन, एखाद्या ॲपपुरती वेळ. शिवाय नवे ॲप घेताना पालकांकडे परवानगीची विनंती येते.

या तीनपैकी पालक हमखास पहिली मर्यादा निवडतात आणि तिथेच फसतात. शाळेचा गृहपाठ, क्लासचे व्हिडिओ, आजीशी व्हिडिओ कॉल हे सगळेही त्याच फोनवर असते. दोन तासांची मर्यादा क्लासच्या व्हिडिओतच संपली, की मूल म्हणणार, ‘अभ्यासच केला ना!’ आणि त्याचे म्हणणे खरे असेल. गेमच्या ॲपला स्वतंत्र मर्यादा आणि रात्रीची बंदी, ही जोडी अधिक टिकाऊ. त्यातही एकच गोष्ट करायची असेल तर रात्रीची बंदी करावी. दुपारी अर्धा तास जास्त खेळल्याने होणारे नुकसान आणि रात्री दीड वाजेपर्यंत खेळून सकाळी सातला शाळेत जाण्याचे नुकसान यांची तुलनाच नाही.

आणखी एक बारकावा. फॅमिली लिंकची वेळ प्रत्येक उपकरणाला वेगळी मोजली जाते. दोन तास ठरवले आणि घरात मुलाच्या खात्याचा फोन व टॅब दोन्ही असले, तर प्रत्यक्षात चार तास झाले. हे पालकांच्या आधी मुलांना कळते.

आयफोनवर हेच काम ‘स्क्रीन टाइम’ करते. तिथे स्क्रीन टाइमचा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवावा लागतो, नाही तर सगळे मुसळ केरात.

फोन आईबाबांचाच असेल तर?

या विषयावरचे बहुतेक सल्ले मुलाकडे स्वतःचा फोन आहे असे धरून चालतात. आपल्याकडे असंख्य घरांत फोन आईचा किंवा बाबांचा असतो आणि मूल तो संध्याकाळी मागून घेते. तिथे फॅमिली लिंक उपयोगाचे नाही, कारण फोनवर खाते मोठ्यांचे आहे.

अशा वेळी साध्या सोयी कामी येतात. अँड्रॉइडच्या ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये गेमच्या ॲपला टायमर लावता येतो. ‘ॲप पिनिंग’ने एकच ॲप पडद्यावर अडकवता येते आणि बाहेर पडताना पिन विचारला जातो, म्हणजे गेम खेळता खेळता बँकेच्या ॲपमध्ये किंवा ऑफिसच्या मेलमध्ये बोट जात नाही. आयफोनवर याला ‘गाइडेड ॲक्सेस’ म्हणतात. काही फोनमध्ये मुलांसाठी वेगळा ‘किड्स मोड’ असतो. मात्र फोनचा पिन मुलाला माहीत असेल तर यातले काहीच टिकत नाही. आपल्या घरांत तो माहीत असतोच, कारण स्वयंपाक करताना ‘जरा बघ रे कोणाचा मेसेज आलाय’ असे आपणच म्हणालेलो असतो.

पाच मिनिटे म्हणजे नेमकी किती?

प्रस्तुत लेखकाने घरी रोज एक तासाची मर्यादा लावली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी रडारड झाली. मुलगा म्हणत होता ते असे, ‘‘माझे तीन मित्र माझ्यामुळे हरले.’’ ते ऐकून लक्षात आले, की गेमची रचना माहीत नसताना घड्याळ लावणे हीच चूक होती.

बीजीएमआयसारख्या गेममध्ये शंभर खेळाडू उतरतात आणि शेवटपर्यंत टिकले तर एक क्लासिक सामना साधारण अर्ध्या तासाचा होतो. तो मधेच थांबवता येत नाही. चौघांच्या गटातला एक जण अचानक गेला की उरलेल्यांचे नुकसान होते, क्रमवारी घसरते, दुसऱ्या दिवशी शाळेत बोलणी बसतात ती वेगळीच. त्यामुळे ‘पाच मिनिटे’ हा शब्द मुलगा खोटेपणाने वापरतो असे नाही, खेळात पाच मिनिटे हे मापच नसते. क्रिकेटमध्ये षटकाच्या मधे कोणी बॅट काढून घेतली तर आपण काय म्हणू?

उपाय सोपा आहे. मिनिटांऐवजी सामने ठरवावेत. ‘दोन क्लासिक, त्यानंतर फोन परत’ असे ठरले आणि ॲपची मर्यादा त्याहून दहा-पंधरा मिनिटे जास्त ठेवली, की कुलूप मधेच पडत नाही. वेळ संपताना सामना सुरू असेल तर फॅमिली लिंकमधून पालकांना त्या दिवसापुरता वाढीव वेळही देता येतो. तो मुलाने मागावा आणि पालकांनी द्यावा किंवा नाकारावा. हा संवाद हिसकाहिसकीपेक्षा बरा.

अर्थात गेम बनवणाऱ्यांनाही मुलाने उठू नये असेच वाटते. रोज लॉगिन केल्याचे बक्षीस, ठरावीक दिवसांपुरता येणारा पोशाख, सीझन संपण्याची उलटी मोजणी, हे सगळे त्यासाठीच असते. मुलाला हे समजावून सांगता येते. आठवी-नववीतल्या मुलांना ही युक्ती उलगडून दाखवली तर ती स्वतःच पुढचे दाखले शोधून आणतात.

पैशांचे काय?

‘ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा, २०२५’ ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत मंजूर झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी आणली. त्यामुळे ‘आता गेमवर बंदीच आहे ना’ असा समज अनेकांचा झाला आहे. तो चुकीचा आहे. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ या बंदीत येत नाहीत, आणि त्यांच्यातली यूसी, डायमंड, रोबक्स अशा नावांनी होणारी आभासी चलनाची खरेदी सुरूच आहे.

म्हणून गुगल प्लेच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल असे करून ठेवावे. आयफोनवर ‘आस्क टू बाय’ सुरू करावे. यूपीआयचा पिन फोनच्या पिनसारखाच नसावा. मासिक सदस्यत्वाचे ऑटोपे तर खास तपासावे. एकदा मंजुरी दिली की १५ हजार रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना पिन लागत नाही. चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत गुगल प्लेवरूनच परताव्याची विनंती करता येते, मात्र परतावा मिळेलच याची हमी नाही. आणि ‘फुकट डायमंड’ देतो म्हणून कोणी ओटीपी घेऊन खाते रिकामे केले असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. तिथे प्रत्येक मिनिट महत्त्वाचे असते.

पळवाटा कोणत्या?

गेमची वेळ संपली की ब्राउझरमधले गेम. तेही बंद केले तर यूट्यूबवर दुसऱ्याचा खेळ पाहणे. पालकांच्या अहवालात गेम ४० मिनिटे दिसतो आणि गेमचे व्हिडिओ दोन तास. काही फोनमध्ये ‘सेकंड स्पेस’ असते, म्हणजे एकाच फोनमध्ये दुसरा फोन. फोनच्या घड्याळाची वेळ बदलून पाहणे ही जुनी युक्ती. आणि सर्वांत सोपी, आजोबांचा फोन. आजोबांना त्यात काही गैर वाटत नाही, नातू शेजारी बसतो याचाच आनंद असतो.

या पळवाटांच्या मागे धावून काही मुले गुप्तपणे पाळत ठेवणाऱ्या ॲपच्या नादी लागलेल्या पालकांपेक्षा पुढेच राहतात. फॅमिली लिंकमध्ये मुलाचे मेसेज वाचता येत नाहीत, त्याचा पडदा दुरून पाहता येत नाही. ही त्रुटी नव्हे. मर्यादा कोणत्या आहेत हे मुलालाही स्वतःच्या फोनवर दिसते. लपवून लावलेले ॲप जेव्हा सापडते, आणि ते सापडतेच, तेव्हा गेमचा प्रश्न बाजूला राहून विश्वासाचा प्रश्न उभा राहतो.

सरकारने वेळ ठरवून दिली तर?

तसे प्रयोग झाले आहेत. चीनने सप्टेंबर २०२१ पासून १८ वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच एक तास ऑनलाइन गेम खेळण्याची मुभा ठेवली. त्यासाठी खऱ्या ओळखपत्राने नोंदणी सक्तीची केली. तरीही घरातल्या मोठ्यांच्या खात्यावरून खेळण्याचे प्रकार झालेच. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ गेमबंदी केली होती. मुले संगणकावरून मोबाइलकडे वळली आणि २०२१ मध्ये तो नियम गुंडाळण्याचा निर्णय झाला.

आपल्याकडे बीजीएमआय २०२३ मध्ये परतला तेव्हा १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तासांची मर्यादा आणि पालकांच्या ओटीपीची अट होती. पण वय सांगणार मूलच आणि ओटीपी येणार तोही मूल देईल त्याच नंबरवर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला ‘मूल’ मानून पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घातली आहे. ती कंपन्या कशी पाळतात, यावर पुढचे बरेच अवलंबून असेल.

मग किती वेळ योग्य?

इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी एकूण स्क्रीन टाइम एक तासाच्या आत, पाच ते दहा वर्षांसाठी दोन तासांच्या आत असावा. त्यापुढे झोप, खेळ, अभ्यास आणि घरच्यांसोबतचा वेळ यांना धक्का लागतो का, हे पाहावे. हा निकष तासांपेक्षा उपयोगी आहे.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये याचे वेगळेच उत्तर काढले. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत मोबाइल व टीव्ही बंद. हा नियम मुलांच्या अभ्यासासाठी होता, पण लागू सगळ्यांना होता. बाबा सोफ्यावर रील पाहत असताना मुलाला ‘फोन ठेव’ म्हणणे किती चालते, हे घरोघरी ठाऊक आहेच.

काळजी कधी करावी?

रोज खेळणारे मूल म्हणजे व्यसनी मूल नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले आहे, पण त्याचे निकष कडक आहेत. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्याच्या वर गेमला स्थान मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे किंवा वाढवत नेणे. हे साधारण बारा महिने दिसावे लागते, तीव्रता जास्त असेल तर त्याआधीही निदान होऊ शकते. शाळा बुडवणे, मित्र तुटणे, झोपेचे चक्र उलटे होणे, घरातून पैसे जाणे, फोन काढून घेतल्यावर स्वतःला इजा करण्याची भाषा, यापैकी काही दिसले तर कुलपांच्या भानगडीत न पडता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. बंगळुरूच्या निमहान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ हे क्लिनिक २०१४ पासून चालते. जवळ कोणी नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, फोन मोफत आहे.