झुळुकेवरील विहार

वाऱ्याच्या बळावर चालणाऱ्या खेळांविषयीं सामान्यतः अशी समजूत आढळते कीं, वारा जितका जोराचा, तितकी खेळाची रंगत अधिक. शिडाच्या होडींत बसलेला मनुष्य शीड फुगलेलें पाहून संतोष पावतो. आणि संक्रांतीच्या दिवशीं गच्चीवर पतंग उडविणारा मुलगा वारा पडला म्हणजे हिरमुसला होऊन फिरकी गुंडाळूं लागतो. ही समजूत पुष्कळ अंशीं खरीहि आहे. परंतु अलीकडच्या काळांत समुद्रावरील एका खेळानें तिला चांगलाच धक्का दिला आहे. पिंपळाचीं पानें सळसळावीं, तोंडावर वारा लागल्याचा भास व्हावा, आणि पाण्यावरची कांचेसारखी लकाकी मात्र तशीच राहावी, अशा संथ वेळीं शिडाच्या नौका जागच्या जागीं डुलत पडलेल्या असतात. आणि त्यांच्या बाजूनें एखादा खेळाडू पाण्यापासून हात-दीड हात उंचीवरून, जवळजवळ निःशब्दपणें, सायकलस्वारास मागें टाकील अशा वेगानें निघून जातो. त्याच्या पायांखालीं एक लहानशी फळी असते, आणि पुढें आकाशांत लांब दोऱ्यांच्या टोकाशीं एक भला थोरला पतंग. ह्या खेळास 'काइट फॉइलिंग' असें नांव आहे. त्यांतील आनंद कशांत आहे, आणि त्या आनंदाच्या पोटींच दडलेला धोका कोणता, हें समजून घेणें मनोरंजक तसेंच बोधप्रदहि आहे.

मंद वारा म्हणजे किती मंद, हें प्रथम ठरविलें पाहिजे. ब्रिटिश आरमारांतील अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट ह्यांनीं १८०५ सालीं वाऱ्याच्या जोराची एक मोजपट्टी तयार केली. ती सुधारलेल्या स्वरूपांत आजहि दर्यावर्दी लोकांच्या वापरांत आहे. तिच्यांतील शून्य म्हणजे निर्वात, आणि बारा म्हणजे प्रचंड तुफान. दुसऱ्या अंकाचा वारा ताशीं सुमारें ६ ते ११ किलोमीटर वेगानें वाहतो, आणि तिसऱ्या अंकाचा १२ ते १९ किलोमीटर. साध्या फळीवर उभें राहून पतंगाच्या ओढीनें पाणी कापीत जावयाचें, तर ताशीं वीस-बावीस किलोमीटरचा वारा तरी लागतो. फॉइलवर कसलेला खेळाडू मात्र त्याच्या निम्म्या वाऱ्यावरहि विहार करूं शकतो. हा फरक कोठून उत्पन्न झाला, ह्याचें उत्तर दोन ठिकाणीं आहे: एक आकाशांत आणि एक पाण्याखालीं.

धांवता पतंग

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हा पदार्थविज्ञानांतील नियम आहे. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. तिप्पट झाला तर नऊपट. सेकंदास ३ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें ११ किलोमीटर, अशा वाऱ्यांत १५ चौरस मीटरचा पतंग एका जागीं स्थिर धरला, तर स्थूल हिशेबानें त्याची ओढ सहा-सात किलोंहून अधिक भरत नाहीं. मंडईंतून भाजीच्या दोन पिशव्या उचलून आणावयास जेवढें बळ लागतें, तेवढेंच हें झालें. एवढ्याशा ओढीनें धडधाकट माणूस पाण्यांतून उठून उभा कसा राहणार?

परंतु तोच पतंग वाऱ्यास आडवा कापीत खालीं-वर फिरविला, आणि हवेच्या तुलनेनें त्याचा वेग सेकंदास ९ मीटर झाला, कीं ओढ एकदम नऊपट, म्हणजे साठ किलोंच्या आसपास जाते. निसर्गाचा वारा होता तेवढाच राहिला. पतंगानें आपल्या धांवण्यानें स्वतःपुरता नवा वारा निर्माण केला. निवांत दिवशीं सायकल हाणली म्हणजे तोंडावर जो वारा लागतो, तोच हा प्रकार. शास्त्रज्ञ त्यास 'भासमान वारा' म्हणतात. पण त्याचा परिणाम भासमान नसून अगदीं खरा असतो. म्हणून मंद वाऱ्यांत निघणारा खेळाडू आपला पतंग इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखा सारखा फिरवीत ठेवतो. त्यास धांवावयास अधिक जागा मिळावी म्हणून दोऱ्याहि नेहमींपेक्षां लांब घेतो.

पतंगाचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. एकाच्या कडेस हवा भरलेली नळी असते. ह्या रचनेचें पेटंट ब्रूनो व दोमिनिक लगेन्यू ह्या फ्रेंच बंधूंनीं १९८४ सालीं घेतलें. पाण्यांत पडला तरी हा पतंग तरंगतो. दुसऱ्यांत नळीच नसते. कापडाच्या दोन थरांमधील कप्प्यांत समोरून हवा शिरते आणि तिनेंच त्यास आकार येतो. हा वजनानें हलका असल्यामुळें क्षीण वाऱ्यांतहि आकाश सोडीत नाहीं, आणि म्हणून शर्यतींत तोच वापरतात. पण पाण्यांत पडून त्याच्या कप्प्यांत पाणी शिरलें, कीं त्यास पुन्हां उडविणें फार अवघड होतें.

पाण्यांतला पंख

आतां पाण्याखालच्या भागाकडे वळूं. फळीच्या तळाशीं पाऊण ते एक मीटर लांबीचा एक पातळ उभा दांडा बसविलेला असतो, आणि त्याच्या खालच्या टोकास विमानाच्या पंखासारखा एक पंख व मागें लहानसें शेपूट असतें. हाच फॉइल, आपण त्यास जलपंख म्हणूं. पाणी हवेपेक्षां सुमारें आठशें पट घन असल्यामुळें हा पंख अगदीं लहान असला तरी पुरतो. एक मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद असा पंख सेकंदास ६ मीटर वेगानें पाण्यांतून गेला, तर तो नव्वद किलोंच्या जवळपास भार उचलूं शकतो. पंख याहून मोठा घेतला तर याहून कमी वेगांतहि भागतें. म्हणूनच झुळुकेचे रसिक मोठा पंख पसंत करतात.

फळी पाण्याबाहेर आली कीं सर्व हिशेब पालटतो. साध्या फळीस वा होडीस पाणी दुभंगून, लाटा उठवीत जावें लागतें, आणि तिची बरीचशी शक्ति त्यांतच खर्च होते. जलपंखावर आरूढ झालेल्या फळीचा पाण्याशीं संबंध त्या पातळ दांड्यापुरता व पंखापुरताच उरतो. विरोध घटला म्हणून वेग वाढतो. वेग वाढला म्हणून पतंगास लागणारा वारा वाढतो. वारा वाढला म्हणून ओढ वाढते. उसन्या भांडवलावर दुकान मांडावें आणि पुढें नफ्यावरच तें चालावें, तसें हें आहे. आरंभीं पतंग जोरानें फिरवून, गुडघ्यांनीं फळीस हिसके देऊन एकदां वर यावयाचें. त्यानंतर पतंग आकाशांत जवळजवळ स्थिर राहिला तरी चालतें. कुशल खेळाडू अशा वेळीं प्रत्यक्ष वाऱ्याच्या दुपटीहूनहि अधिक वेगानें जातो.

ह्या अवस्थेंतील सुख अनुभवी लोक एकाच शब्दानें सांगतात: शांतता. जोराच्या वाऱ्यांत लाटांचे तडाखे, उडणारें पाणी आणि हातांस बसणारी ओढ ह्यांतच लक्ष गुंतून जातें. झुळुकेवर ह्यांतलें कांहीं नसतें. फळी पाण्यास टेकतच नाहीं, म्हणून तिचा आवाज नाहीं; दांड्याची किंचित् गुणगुण तेवढी ऐकूं येते. पाणी नितळ असेल तर खालची वाळू सरकतांना दिसते. अंगबळाची फारशी गरज लागत नाहीं. लागतो तो तोल. शरीराचा भार बोटभर पुढें गेला कीं फळी खालीं येते, बोटभर मागें गेला कीं वर चढते. आणि पंख पाण्याच्या पृष्ठभागाशीं आला तर त्यांत हवा शिरून आधार क्षणांत नाहींसा होतो.

खरी परीक्षा वळणाच्या वेळीं होते. वाऱ्याच्या दिशेनें वळतांना खेळाडूच आपल्या पतंगाकडे धांवत असतो. त्या क्षणीं दोऱ्या सैल पडल्या, तर पतंगाचा वारा संपतो आणि तो पानासारखा खालीं येतो. म्हणून वळण रुंद घ्यावें लागतें, वेग न गमावतां घ्यावें लागतें, आणि पतंगास योग्य क्षणीं उलट दिशेस पाठवावें लागतें. मंद वाऱ्यांत वेग मिळविण्यापेक्षां मिळालेला वेग राखणें अधिक महत्त्वाचें, हें ह्या खेळाचें सार आहे.

एका सरोवरावरील दोन प्रयोग

पतंग व जलपंख ह्यांची सांगड नवी असली, तरी दोन्ही कल्पना जुन्या आहेत, आणि टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे दोहींच्याहि मागें लागले होते. कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत ब्रा-दोर नांवाचें खारें सरोवर आहे. त्यावर ६ डिसेंबर १९०७ रोजीं बेल ह्यांचा 'सिग्नेट' हा महाकाय पतंग एका आगबोटीनें ओढून उडविला. त्यांत टॉमस सेल्फ्रिज हा लष्करी अधिकारी होता. पतंग १६८ फूट चढला व सात मिनिटें हवेंत राहिला. पुढें वारा पडला आणि तो इतका अलगद पाण्यावर उतरला कीं, आंत निजलेल्या सेल्फ्रिजला तें उमगलेंच नाहीं. दोर वेळेवर न सुटल्यामुळें आगबोटीनें पतंग ओढून त्याच्या चिंधड्या केल्या. सेल्फ्रिज बचावला. त्याच सरोवरावर ९ सप्टेंबर १९१९ रोजीं बेल व केसी बाल्डविन ह्यांच्या 'एच.डी. ४' ह्या जलपंखी नौकेनें ताशीं ७०.८६ मैलांचा, म्हणजे सुमारें ११४ किलोमीटरचा, त्या काळचा विक्रम केला. ह्या दोन प्रयोगांचा मेळ एका माणसाच्या पायांखालीं व हातांत घडून यावयास मात्र आणखी अनेक दशकें जावीं लागलीं.

मार्सेयची प्रतीक्षा

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें हा खेळ प्रथमच समाविष्ट झाला. त्याच्या शर्यती भूमध्य समुद्रावरील मार्सेय येथें झाल्या. हें शहर 'मिस्त्राल' नांवाच्या बोचऱ्या उत्तरी वाऱ्याबद्दल प्रसिद्ध. पण त्या ऑगस्टांत वाऱ्यानें खेळाडूंची निराशाच केली. वीस चौरस मीटरहून मोठे पतंग बाळगणाऱ्या जगांतील निवडक खेळाडूंनाहि शर्यतीपुरत्या वाऱ्यासाठीं तिष्ठत बसावें लागलें, आणि शर्यती पुढें ढकलाव्या लागल्या. अखेर स्त्रियांमध्यें ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिज हिनें ८ ऑगस्ट रोजीं सुवर्णपदक मिळविलें. पुरुषांचा निकाल ९ तारखेस लागून ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोन्टुस पहिला आला. तिसरा आलेला सिंगापूरचा मॅक्सिमिलियन मेडर अवघा १७ वर्षांचा होता, आणि ९ ऑगस्ट हा त्याच्या देशाचा राष्ट्रदिन. वाऱ्यानें लावलेला विलंब त्याच्या देशबांधवांस असा गोड झाला! ह्या प्रसंगावरून एक गोष्ट स्पष्ट होते. झुळुकेलाहि खालची मर्यादा आहे, आणि तिच्यापुढें कौशल्य व साधनसामग्री दोन्ही हतबल ठरतात.

अभावाचें भय

त्या मर्यादेशींच ह्या खेळाचा खरा धोका आहे. मंद वारा म्हणजे निर्धास्त वारा, असें नवख्यास वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. जोराच्या वाऱ्यांत पतंग पाण्यांत पडला तरी वाराच त्यास पुन्हां उचलतो. पण झुळुकेवर चालणारा खेळाडू ज्या वाऱ्यावर फिरत असतो, त्यांतला मोठा भाग त्याच्या स्वतःच्या वेगानें निर्माण केलेला असतो. तो थांबला कीं तो वाराहि थांबतो. मग उरतो तो निसर्गाचा क्षीण वारा, आणि ओला, जड झालेला पतंग उचलण्यास तो पुरत नाहीं. किनारा एक-दोन किलोमीटर दूर, भोंवतीं तरंगणाऱ्या दोऱ्या, आणि गळ्यांत पडलेलें पंधरा चौरस मीटर ओलें कापड, अशा स्थितींत उत्तम पोहणाराहि दमून जातो.

म्हणून जाणते लोक कांहीं नियम कटाक्षानें पाळतात. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर, तो कितीहि मोहक असो, पाण्यांत उतरावयाचें नाहीं. जेवढें अंतर पोहून परत येतां येईल, त्याहून दूर जावयाचें नाहीं. तरंगण्याचें जाकीट व शिरस्त्राण अंगावर हवेंच. कारण जलपंखाच्या कडा धारदार असतात. पतंग कमरपट्ट्यापासून क्षणांत सोडण्याची कळ चालते कीं नाहीं, हें दर वेळीं पाहावयाचें. पडलाच, तर दोऱ्या पायांत न येऊं देतां दांडीवर गुंडाळीत पतंगापर्यंत जावयाचें, आणि त्याचाच तराफ्यासारखा उपयोग करावयाचा. किनाऱ्यावर लक्ष ठेवणारें कोणीतरी असावें, हें तर सांगावयासच नको.

आपल्या कोंकण व गोव्याच्या किनाऱ्यास हे नियम विशेष लागू पडतात. गोव्यांत मोरजी-आश्वेच्या बाजूस पतंगफळीचा खेळ चालतो. पावसाळा संपल्यावर तेथें दुपारीं समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा सुटतो. तो बहुधा मंद ते मध्यम असल्यामुळें जलपंखास अनुकूल. पण सकाळीं जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा वाहत असतो, तो खेळाडूस आंत लोटील. आणि दिवेलागणीच्या सुमारास खारा वारा अचानक पडतो, तो त्यास जेथल्या तेथें सोडून देईल. शिवाय पाण्यांत ठिकठिकाणीं कोळ्यांचीं जाळीं असतात, आणि मीटरभर खोल बुडालेला पंख त्यांत सहज अडकतो. जाळीं कोठें आहेत आणि वारा केव्हां पडेल, हें किनाऱ्यावरच्या कोळी मंडळींस विचारून घेणें हा शहाणपणाचा मार्ग होय.

हा खेळ खर्चाचा आहे आणि शिकवणाराशिवाय शिकण्याजोगा नाहीं, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. आधीं पतंग जमिनीवर हातीं यावा, मग साधी फळी, आणि त्यानंतर जलपंख, हा क्रम मोडूं नये. पण पाहण्यास पैसे पडत नाहींत. हिवाळ्यांत किनाऱ्यावर जाण्याचा योग आला आणि असा खेळाडू दिसला, तर त्याच्या वेगाकडे पाहूं नये. त्याचा पतंग फारसा धडपडत नसेल, वळण घेऊनहि फळी पाण्यास टेकत नसेल, आणि उन्हें उतरण्यापूर्वीं, अंगांत दम व आकाशांत वारा असतांनाच, तो जेथून निघाला नेमका तेथें परत येऊन उतरत असेल, तर तो ह्या विद्येंत मुरलेला आहे असें खुशाल समजावें.