गोव्याहून गेलेला गेंडा

पंधराव्या शतकातील जर्मन मुद्राचित्रांत रानमाणूस वारंवार आढळतो. त्याच्या अंगभर दाट केस असतात व हाती सोटा किंवा एखाद्या घराण्याची ढाल असते. मार्टिन शोनगौअर (मृत्यू १४९१) याने असे रानमानव ताम्रपटावर कोरले. गरुडमुखी, सिंहदेही ग्रिफिनही कोरला. हे जीव कोणीच पाहिलेले नव्हते. परंतु एकाच पटावरून अनेक प्रती निघत आणि प्रत्येक प्रत तितक्याच ठामपणे बोले.

या कल्पनासृष्टीत पुढे एक खराखुरा प्राणी दाखल झाला, आणि तो भारतातून गेला होता. १५१४ साली पोर्तुगीजांनी गुजरातचा सुलतान मुजफ्फरशाह याच्याकडे दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. सुलतानाने ती दिली नाही. भेटवस्तू मात्र दिल्या. त्यांत एक गेंडा होता. अफोंसो द आल्बुकर्क याने तो आपला राजा मॅन्युएल याच्याकडे धाडला. जानेवारी १५१५ मध्ये जहाज गोव्याहून निघाले व २० मे रोजी लिस्बनला पोहोचले. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता.

त्याचे वर्णन व रेखाटन न्यूरेम्बर्गला पोहोचले. त्यावरूनच आल्ब्रेख्त ड्यूररने १५१५ मध्ये लाकडी ठसा तयार केला; गेंडा त्याने पाहिला नव्हता. कातडीच्या घड्यांचे त्याच्या हातून चिलखताचे पत्रे झाले, पायांवर खवले आले आणि मानेमागे एक जादा शिंग उगवले. त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनेही, प्रत्यक्ष न पाहताच, गेंड्याचा ठसा केला. तो वास्तवाला अधिक जवळचा होता. पुढच्या पायांना बांधलेला दोरही त्यात दिसतो. त्याची एकच प्रत आज शिल्लक आहे. ड्यूररचा ठसा मात्र त्याच्या मृत्यूनंतरही (१५२८) पुनःपुन्हा छापला गेला आणि प्राणिशास्त्राच्या ग्रंथांतही शिरला.

१७४१ साली क्लारा नावाची गेंड्याची मादी भारतातून हॉलंडमध्ये आणली गेली. युरोपभर तिचे प्रदर्शन झाले, तेव्हा कोठे ते जादा शिंग हळूहळू गळून पडले. तोवर दोन शतके लोटली होती. रानमाणसाला खरेपणा देणाऱ्या छपाईनेच खऱ्या जनावराला कल्पित केले होते.

गोव्याहून गेलेला तो गेंडा पोपला भेट म्हणून पाठविला जात असता, १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि साखळदंडांनी जखडलेला तो मुका जीव बुडून मेला.